उलटा केलेला नकाशा

सांगूनच टाकते, मला त्या माणसाची जिरवायची होती. माणूस म्हणजे सिल्वासातले आमचे आर्किटेक्ट साहेब. मी धुळ्याची, त्यांच्या ऑफिसात नकाशे काढते.

खेरडीला काही चित्रकार, कुंभार, गाणारी मंडळी एकत्र राहायला येणार होती. धान्य-भाजी आपली आपण पिकवायची, सकाळी ध्यान, मग ज्याची त्याची कला. त्या वस्तीचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं आणि मी त्यात जीव ओतला. जागेला लागून एका मावशीचं शेत होतं. तिनं मला हाताला धरून बांधावर उभं केलं. "पावसात वारा मावळतीचा, दमणकडून येतो, बाई. चूल उगवतीला मांड, खोलीचं तोंडपण तिकडंच ठेव. धूर बाहेरच्या बाहेर जाईल." मी तिथंच तिच्यासमोर कागदावर तसंच काढलं. स्वयंपाकघर पूर्वेला, ध्यानाचा हॉल पश्चिमेला.

मंडळींना नकाशा दाखवायच्या आदल्या दिवशी साहेबांनी काय करावं? कम्प्युटरवर माझा अख्खा नकाशा आरशात दिसतो तसा उलटा केला. माझा म्हणून ओळखू येऊ नये, दुसरं काय! पूर्वेचं सगळं पश्चिमेला गेलं. खाली एकट्याची सही. आणि मिटिंगमध्ये डोळे मिटून म्हणतात कसे, "हे मला ध्यानात दिसलं." मंडळींनी चक्क हात जोडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चूक मला तिथल्या तिथे दिसली होती: चूल आता वाऱ्याच्या तोंडाला आणि हॉल तिच्या पाठीमागे. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. नाही बोलले. म्हटलं, भरू दे हॉलमध्ये धूर, खोकू देत सगळे. मग विचारतील साहेबांना, ध्यानात वारा नाही का दिसला? बांधकाम चाललं तेवढे दिवस मी हे मनात घोळवत होते, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

पावसाळ्यात तिथून धुराची तक्रार आली. साहेबांनी मलाच पाठवलं. मी अगदी उड्या मारत गेले. बघते तर हॉलच्या खिडक्यांना काचा लावून झालेल्या, आत सगळे शांत बसलेले. साहेबांना कुणी शब्दानं जाब विचारला नव्हता.

स्वयंपाकघराकडे वळले. आता पश्चिमेला आलेल्या उघड्या बाजूनं वारा-पाऊस सरळ आत घुसत होता आणि धूर माघारी फिरून खोलीतच कोंडला होता. चुलीपुढे, पदर नाकाला लावून, तीच मावशी. तिला तिथं स्वयंपाकाचं काम मिळालं होतं. डोळे लालबुंद. मला बघून हरखली आणि शेजारच्या बायकांना म्हणाली, "हीच ती. साहेब काही सांगू दे, हे सगळं हिनंच काढलंय. मी बघितलंय ना!"

त्या अख्ख्या वस्तीत असं म्हणणारी ती एकटीच होती. मग तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिनं विचारलं, "पण बाई, चूल इकडं कशी आली गं? मी सांगितलं होतं ना तुला?"