सोजरबाईचा पुकारा

अनसिंगचा जगदेव तालुक्याच्या दगडी कोर्टात शिपाई होता. दावा निघाला की व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. आवाज खणखणीत, पार बैलगाड्या सोडलेल्या असत तिथवर जायचा. तीनदा पुकारलं की त्याचं काम संपलं.

एकोणीसशे बत्तीसच्या उन्हाळ्यात रिठदच्या सोजरबाईचा दावा निघाला. बाई विधवा, दिरानं तिच्या शेताची वाट काटे टाकून बंद केली होती. जगदेवनं तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही, आणि दावा खारीज झाला.

संध्याकाळी तो पायऱ्या उतरला, तर लिंबाखाली एक म्हातारी अजून बसलेली. सकाळीही तिथंच होती.

“कायले बसली वं माय?”

ती नुसती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यानं जवळ जाऊन कानाशी विचारलं.

“माह्यं नाव घेतील ना, म्हणून बसून राह्यली. सोजरबाई, रिठदची.”

तो तिला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं, तिला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिचा अर्ज लिहवून घेतला आणि स्वतः साक्षीला उभा राहिला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आजवर त्यानं दुसऱ्यांनाच बोलावलं होतं. आता तोच त्यात चढला.

“बाई हजर होती?” साहेबांनी विचारलं.

“सकाळपासून होती, साहेब. कमी ऐकू येते तिले. म्या दुरूनच हाक मारली.”

साहेबांनी चष्मा पुसला आणि दावा पुन्हा चालवायचा हुकूम दिला.

पुढच्या तारखेला जगदेव लिंबाखाली गेला, तिच्या कानाशी वाकला. “सोजरबाई, चाल.”

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. “लगन झाल्यापासून मले नावानं कोनी बोलावलं नाई, भाऊ. सारे जानरावची बायकोच म्हनत.”

पेरणीआधी तिची वाट मोकळी झाली.

जगदेव मग रोज सकाळी आवारात चक्कर मारू लागला. कारकुनानं हटकलं, “काहून फिरून राह्यला?”

“कोन कोन आलं ते पाह्यतो जी.”

नोकरी सुटेपर्यंत त्यानं ती चक्कर चुकवली नाही. कोर्ट आजही त्याच इमारतीत भरतं.

सोजरबाई दर हिवाळ्यात हुरडा घेऊन प्रयागबाईकडे यायची. प्रयागबाई तिच्या कानाला लागून गावभरचं सांगत बसायची, आणि चुलीवरचं कालवण करपून जायचं.