एका लेन्समध्ये सगळं मागणाऱ्या सिस्टर

"भाऊ, मले एकच लेन्स पाहिजे. बदलाबदलीची भानगड नाई पाहिजे."

काउंटरपलीकडे तळेगावच्या शोभा सिस्टर उभ्या होत्या. नर्सच्या नोकरीतून नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. आता फिरायचं आणि फोटो काढायचे, हे त्यांचं ठरलं होतं. माझं वर्ध्यात कॅमेऱ्याचं दुकान आहे, शिवाय मी स्वतः प्रोफेशनल फोटोग्राफर. त्यामुळे साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं मला शोभणारं नव्हतं.

त्यांना १८-३०० झूम हवी होती. १८ वर अख्खं देऊळ मावतं, ३०० वर कळसावरचा कावळा हाताशी येतो. मी तासभर समजावलं, की अशी लेन्स उजेड कमी घेते, पहाटे फोटो हलतात, कडा जरा धूसर येतात. प्रवासाला किमान तीन लेन्स हव्यातच. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, या तिन्ही उचलायच्या कोणी? प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे मी तो बाद केला. त्यांनी १८-३०० च नेली. सरावाला बोरच्या व्याघ्र प्रकल्पात जा, एवढा सल्ला मात्र माझा मानला.

महिन्याभरानं हिंगणीजवळच्या एका रिसॉर्टनं मला ब्रोशरच्या फोटोंसाठी बोलावलं. सिस्टर तिथंच उतरल्या होत्या. सकाळी जंगल सफारीला एकाच उघड्या जिप्सीत पुढे मी, मागे त्या. माझ्या मांडीवर ५०० ची लेन्स. ही झूम होत नाही, फक्त लांबचं दाखवते. वजनाला मात्र तान्ह्या बाळाएवढी.

अंधुक उजेडात त्यांचे सांबराचे फोटो हलले. मी सहानुभूतीनं मान डोलावली. फार बरं वाटलं.

मग बांबूतून वाघीण आली, मागे दोन पिल्लं. जिप्सीपासून दहा पावलांवर थांबली. माझ्या फ्रेममध्ये तिचा एक कान मावला. मी घाईनं बॅग उघडली, लेन्स काढली, टोपण खाली पडलं. गाईड हळूच म्हणाला, "साहेब, हलू नका." मागून निवांत क्लिक ऐकू येत होते. दुसरी लेन्स बसली तेव्हा रस्ता रिकामा होता. धूळ तेवढी सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, जाऊन बसली. पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळाला डाग.

संध्याकाळी रिसॉर्टच्या मॅनेजरनं दोघांचे फोटो पाहिले. सिस्टरांच्या फोटोत आई, पिल्लं, रस्ता, बांबू, सगळं होतं. कडा धूसर आहेत, हे मी कर्तव्य म्हणून दाखवून दिलं.

"कडा कोण पाहून राह्यलं, साहेब?" मॅनेजर म्हणाला. ब्रोशरच्या कव्हरवर सिस्टरांचा फोटो लागला, खाली त्यांचं नाव.

"तुमच्या फोटोत कानाचा केसन् केस दिसते, भाऊ. माह्यात नाई दिसत," सिस्टर म्हणाल्या. त्या मनापासून बोलल्या होत्या. तेच जास्त लागलं.

आता कोणी एकच लेन्स मागितली, की मी कुठं जाणार एवढंच विचारतो आणि १८-३०० चा डबा काढून देतो. उत्तम फोटोसाठी उत्तम लेन्स लागते, हे खरंच आहे. फक्त ती त्या वेळी बॅगेत नसावी.