मोरीत उतरलेल्या बाई

बाईंना राग आला की त्या समोरच्याला ‘आपण’ म्हणत. एरवी सगळ्यांना ‘तुम्ही’. घमेली उचलणाऱ्या बायकांना, चहा आणणाऱ्याला, मोजपट्टी धरून उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसालासुद्धा. आमच्या भागात तेव्हा मजुराला ‘तुम्ही’ म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण ‘आपण’ कानावर आलं की सगळ्यांच्या कुदळी थांबायच्या. ‘आपण हे काय केलंत?’ एवढंच बाई म्हणायच्या, आवाज न चढवता. ज्याला म्हणायच्या त्याला वाटायचं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

गेल्या डिसेंबरात तुम्ही दोघं इकडे आलात. पोलादपूरहून कुडपणच्या बाजूला चढताना डोंगराच्या खांद्यावर एक देऊळ लागतं. त्याच्या गुळगुळीत फरशीच्या सभामंडपात तुम्ही फोटो काढलात आणि खाली ‘किती शांत जागा!’ असं लिहून मला पाठवलात. मी उत्तर दिलं नाही. आजीला फोन वापरता येत नाही, असं तुम्हाला वाटलं. मला फोन नीट वापरता येतो. मला राग आला होता. तुमचा नव्हे, पण आला होता, आणि इतकी वर्षं झाली तरी तो जात नाही. का जात नाही, ते क्रमाने लिहिते.

लग्न होऊन मी पोलादपूरला आले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा तिथे डॉक्टर. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, आणि त्या बी. ए.चा गावात उपयोग एवढाच की तार आली की लोक ती वाचून घ्यायला आमच्याकडे येत. एका वर्षी भात झोडून झाल्यावर पुण्याहून जुन्या वस्तूंचं उत्खनन करणारी तुकडी आली. डोंगरावर झाडीत चौथरे होते, लोक त्यांना मठ म्हणायचे. सहासातशे वर्षांपूर्वी तिथे संन्यासी राहायचे, याहून जास्त कुणाला काही माहीत नव्हतं. तुकडीच्या प्रमुख बाई होत्या. चाळिशीच्या, काटक, डोक्याला कायम रुमाल बांधलेल्या. गावचे खोत त्यांना बघून म्हणाले, ‘साहेब मागून येतायत वाटतं?’

‘साहेब पुण्यात बसलेत,’ बाई म्हणाल्या. ‘काम करणारे पुढे आलेत.’

खोदताना निघालेल्या खापरांवर बारीक अक्षरात नंबर घालायला त्यांना कुणीतरी हवं होतं. आजोबांनी माझं नाव सुचवलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या जीपमधून वर जायला लागले.

गावाला वाटत होतं, आता देव निघणार. संध्याकाळी खोत मुद्दाम येऊन विचारायचे, ‘काय बाई, लागला का देव?’ बाई मात्र देवाच्या मागे नव्हत्या. त्या चौथऱ्यांच्या कडेकडेने उतार बघत फिरायच्या, ओंजळभर पाणी ओतायच्या आणि ते कुठे जातं ते वाकून बघत बसायच्या. त्या मठाची मोरी, म्हणजे सांडपाण्याची वाट, शोधत होत्या. मला म्हणाल्या, ‘माणसं देव ठरवून मांडतात. मोरीत जातं ते न ठरवता.’ त्या संन्याशांनी काय खाल्लं, काय फोडलं, काय टाकून दिलं, ते सगळं तिथे सापडेल, असं त्यांना वाटत होतं. गावाने त्यांचं नाव ‘मोरीबाई’ ठेवलं. खोत म्हणाले, ‘मोरी काय, आमच्या घरामागं पण हाय. ती पण खणा!’

‘खणेन की,’ बाई म्हणाल्या, ‘पण तुम्हाला सहाशे वर्षं थांबावं लागेल.’

मोरी लागली ती स्वयंपाकघराच्या चौथऱ्यामागे. दोन्ही बाजूंना तासलेले दगड, वर झाकणीच्या शिळा, आणि आत माणूस गुडघ्यांवर रांगत जाईल एवढी जागा. शिळा हलवल्या आणि बाईंचा चेहरा असा उजळला की तो मला आजही दिसतो. आत कोरडी, भुसभुशीत माती भरलेली होती. वास नव्हता, ओल नव्हती. जी काही घाण सहाशे वर्षांपूर्वी तिथून गेली, तिची केव्हाच माती झाली होती, लोक ज्यात भात लावतात तशीच माती.

आणि काम थांबलं. माणसं कुदळी टेकून उभी राहिली. खोतांनी दिलेला मुकादम पुढे झाला.

‘बाई, ही मोरी हाय. हिच्यात आमची माणसं नाय उतरायची.’

‘मग कोण उतरणार?’

‘ज्यांचं काम हाय ते.’ आणि मागे वळून त्याने हाक मारली, ‘ए धर्मा! चल रे, उतर.’

धर्मा बौद्धवाडीतला. त्याच्या वस्तीला गाव तेव्हा ज्या नावाने हाक मारायचं ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला लांबच्या चरात माती उपसायला लावलेलं होतं, आणि त्याच्या पाण्याचं मडकंही तिकडेच, वेगळं, झाडाखाली. बघा, ज्या महाडात पाण्यावरून काय घडलं ते साऱ्या देशाला ठाऊक आहे, त्या महाडच्या शेजारच्या तालुक्यात, इतक्या वर्षांनी! धर्मा सावकाश आला, मोरीकडे बघितलं आणि कुदळ खाली ठेवली.

‘मी नाय उतरायचो.’

मुकादमावर आधीच पेटलेल्या बाई त्याच्याकडे वळल्या. ‘आपणसुद्धा?’

‘बाई,’ धर्मा म्हणाला, ‘चौथऱ्यावर खणायला मला कुणी बोलवलं नाय. मोरी म्हटल्यावर बरोबर माझं नाव आठवलं. आम्ही बुद्धाचे झालो त्या दिवशी हे सगळं सोडलं. मेलेलं ढोर ओढायचं नाय आणि मेलेली मोरी पण काढायची नाय.’

बाई म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर आहे.’ त्यांचं ‘आपण’ त्यांनी परत घेतलेलं मी त्या एकदाच ऐकलं. त्यांनी पदर खोचला, सुरी आणि ब्रश घेतला आणि त्या मोरीत उतरल्या. आधी रुमाल दिसत होता, मग नुसते तळपाय. घमेलीवाली सोनाबाई ओरडली, ‘अगो बाय, शिरली गो ती आत!’ कुणी हसलं नाही.

आतून घमेलं पुढे सरकवल्याचा आवाज येत होता. धर्मा बराच वेळ काठावर उभा होता. शेवटी वाकून म्हणाला, ‘बाई, मी येतो. पण पाळीनं. आज मी, उद्या मुकादम.’

‘कबूल,’ आतून बाईंचा आवाज आला. ‘आणि पाण्याचं मडकं आजपासून एकच.’

दुसऱ्या दिवशी मुकादम आला नाही. त्याच्याबरोबर निम्म्याहून जास्त माणसंही गेली. जाताना एकाने ते एकुलतं मडकं लाथेने फोडलं. बाईंनी महाडहून नवं आणायला जीप पाठवली. जीप चालवणारे इब्राहिमभाई महाडचेच. परत येऊन त्यांनी मडकं ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, ‘मी तर रोज जीपखाली झोपतो. त्यापेक्षा ही मोरी साफ हाय.’ सोनाबाई उतरली. मीही उतरले. आत शिरल्यावर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे गारवा. उन्हातल्या त्या डोंगरावर तेवढी सुखाची जागा दुसरी नव्हती.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. सासूबाई दारातच उभ्या. ‘मागच्या दारी पाणी ठेवलंय. डोक्यावरून आंघोळ कर, मगच आत ये.’ मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मातीची आंघोळ रोज करा. मोरीची एक दिवसही करू नका.’ त्या संध्याकाळी मी नुसते हातपाय धुऊन पुढच्या दाराने आत गेले. पुढे बरेच दिवस सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. तुमचे आजोबा माझ्याच हातचं मागायचे, आणि तेही त्यांच्यासमोर.

उरलेली थोडी माणसं काम करत राहिली. जळके तांदूळ मिळाले, माशाचे काटे मिळाले, फुटके पेले तर ढिगाने मिळाले. मग एक दिवस बाईंनी मला ओढतच नेलं. मठाच्या भिंतीबाहेर काही ओवऱ्या होत्या, हलकी कामं करणारे लोक तिथे राहत असावेत असा बाईंचा अंदाज होता. त्या ओवऱ्यांकडून दुसरी एक मोरी येत होती आणि स्वयंपाकघराच्या मोरीला मिळत होती. पुढे दोन्हींचा मिळून एकच नाला. बाई त्या जोडाजवळ उकिडव्या बसल्या. ‘बघा,’ त्या म्हणाल्या, ‘खरकटं एकत्र केलेलं यांना चालत होतं.’ पुढे तो नाला कुठे जातो, वाटेत त्याला आणखी कोण मिळतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्या हंगामात त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

तेवढ्यात पुण्याहून साहेब आले. खोतांनी वरपर्यंत तक्रार केली होती. साहेब मोरीपर्यंत चालत आलेच नाहीत. खोतांच्या अंगणात खुर्ची टाकून, चहा पिऊन त्यांनी निकाल दिला.

‘बाई, लोकांना सांभाळून घ्यावं लागतं. तुम्हाला इथे समाज सुधारायला पाठवलेलं नाही.’

‘आपण योग्य तेच म्हणता,’ बाई म्हणाल्या. ‘मला मोरी खणायला पाठवलं आहे. ती आपण खणू द्यावी.’

‘मोरी बंद करा. मुकादमाची माणसं परत घ्या आणि गाभाऱ्याकडे लागा. लोकांना देव हवाय.’

‘ते आपणच करावं. माझ्या हातून होणार नाही.’

खोत हसले. मी तिथे उभी होते. शिकलेली, शहाणी, चांगल्या घरातली माणसं अंगणात बसून एका कोरड्या मोरीला घाबरत होती, आणि जी एकटी घाबरत नव्हती तिला घरी पाठवत होती. बाईंना तातडीने पुण्याला परत बोलावण्यात आलं.

जाण्याआधी मोरी बुजवायची होती. तीही बाईंनी राडारोडा टाकून बुजवू दिली नाही. इब्राहिमभाईंनी सावित्रीच्या पात्रातली वाळू आणली. पुढे कधी कुणी खणलं तर वाळू लागताच कळतं, की इथपर्यंत कुणीतरी येऊन गेलं आहे. मग बाईंनी कनवटीचा एक नवा पैसा काढला. तेव्हा तो नुकताच चालू झाला होता, लालसर आणि चकचकीत. उत्खनन करणारे तळाशी असं चालू नाणं ठेवतात, म्हणजे पुढच्याला आपला काळ समजतो. धर्मा बघत होता.

‘ह्यानं काळ कळेल, बाई. माणसं कशी कळणार?’

बाई म्हणाल्या, ‘मग तुमचाही टाका.’

त्याने टाकला. सोनाबाईने पदराची गाठ सोडून टाकला, इब्राहिमभाईंनी टाकला, मी टाकला. जे उतरले होते त्यांनीच. वर वाळू पडली.

पोलादपूरच्या स्टँडवर बाईंना सोडायला आम्ही चौघं गेलो. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून एवढंच सांगितलं, ‘वर काही बांधू देऊ नका.’ आम्ही अर्ज केले, मी तर इंग्रजीतही केले. कुणी उत्तर दिलं नाही. गाभाऱ्याकडे मुकादमाच्या माणसांना एक हात तुटलेली मूर्ती सापडली. मग देऊळ झालं, मग त्याच्यापुढे सभामंडप. नेमका मोरीवर. साहेबांच्या अहवालात मोरीबद्दल एकच वाक्य होतं, की स्थानिक अडचणींमुळे काम अपूर्ण राहिलं. त्या अडचणींना नावं होती, घरं होती, अंगणात खुर्च्या होत्या. बाईंचं नाव अहवालात कुठेच नव्हतं.

त्यांना पुन्हा कुठलंही उत्खनन मिळालं नाही. एका तळघरात दुसऱ्यांनी आणलेली खापरं लावत त्यांनी नोकरी संपवली. मी पुण्यात त्यांना एकदा भेटले. खूप थकल्या होत्या. चहाचं विचारायच्याही आधी म्हणाल्या, ‘मंडप झाला?’ मी हो म्हटलं. त्या हळूच म्हणाल्या, ‘आपण तरी काय करणार होतात!’

ते ‘आपण’ मला उद्देशून होतं की त्या सगळ्यांना, हे मी विचारलं नाही. त्याच वर्षी त्या गेल्या.

तुमच्या फोटोत मंडपाचा डावीकडचा खांब दिसतो. त्याच्याजवळच दोन मोऱ्यांचा तो जोड आहे. खाली सावित्रीची वाळू आहे आणि वाळूखाली आमचे पैसे आहेत. धर्माचा आहे, सोनाबाईचा आहे, इब्राहिमभाईंचा आहे, बाईंचा आहे, तुमच्या आजीचा आहे. मुकादमाचा नाही, खोतांचा नाही, साहेबांचा नाही. पुन्हा तिथे गेलात तर फोटो खुशाल काढा. पण त्या जागेला शांत म्हणू नका.