मी चिंचेखालून उठले नाही

वटवाघळं हाकलायला चिंचेखाली लावलेली फटाक्यांची दुसरी लड फुटली तेव्हा पोटाशी पिल्लं धरलेली वटवाघळं भर उन्हात उडाली, आणि एक पिल्लू माझ्या पायाजवळ पडलं. माझा दीर कुऱ्हाड घेऊन अंगणातल्या चिंचेपाशी आला होता. मी बुंध्याला पाठ लावून खाली बसले.

“वहिनी, सरका.”

“नाही सरकत.”

“यांनीच कोरोना आनला. टीव्हीवर दाखवून राहिले.”

“टीव्हीवाला आपल्या चिचेखाली येऊन गेला काय, भाऊजी?”

मागे गल्लीतली माणसं उभी होती, तोंडाला दुपट्टे बांधून. एक माझ्याकडे बोट करून म्हणाला, “उचला न या बुडीले.”

“तू उचल. तिच्या अंगावर वटवाघूळ मुतलं हाय.”

कोणी पुढे आलं नाही. मग मी ते पिल्लू उचलून पदरात घेतलं. दीरसुद्धा दोन पावलं मागे सरला.

“गुडघ्याले कोनतं तेल लावता, भाऊजी?” मी विचारलं.

“टोळीचं. त्याचं काय?”

टोळी म्हणजे मोहाचं बी. आमच्या शिवारात मोह उरला नाही, तो नाकाडोंगरीकडच्या जंगलात. ही वटवाघळं तिथली फळं तोंडात धरून आणतात, गर चोखतात आणि बी खाली टाकतात. सासू होती तेव्हापासून आम्ही चिंचेखालची टोळी झाडून आणतो, तेल काढतो. वाटेतल्या जंगलात जी पडते तिचे मोह उगवतात. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. भीतीपुढे कोणाला आठवत नव्हतं, एवढंच.

“मंग पुढच्या हिवाळ्यात गुडघ्याले टीव्ही लावा,” मी म्हटलं.

एक माणूस हसला. दीर हसला नाही, पण कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेला. पिल्लू संध्याकाळी मेलं. मी ते चिंचेखालीच पुरलं.

पावसाळा सरता सरता माझ्या नवऱ्याला ताप आला. तो तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाली करायचा, आणि मिलमध्ये ताप आधीच होता. वटवाघळांच्या भीतीने तो उन्हाळाभर मागच्या दाराने ये-जा करत होता, चिंचेखाली एकदाही आला नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो वारला. त्याचं तोंडही पाहू दिलं नाही.

मग गल्ली पुन्हा बोलू लागली. जाऊ दारात येऊन म्हणाली, “बाई, आता तरी तोडू द्या.”

“त्यायले वटवाघळानं नाही मारलं,” मी म्हटलं, आणि पुन्हा बुंध्याशी जाऊन बसले. तिथेच मला ताप चढला. उठून खाटेवर गेले नाही, मी तिथून हलले तर कुऱ्हाड येईल हे ठाऊक होतं. जाऊ लांबून पेज ठेवून जायची. दिरालाही ताप आला, तो त्याच्या घरात पडून होता.

नवरा गेला. मी वाचले, दीर वाचला, चिंचेवरची वटवाघळं वाचली.