दीपमालाअक्कांची वही

दीपमालाअक्का आमच्या गावात राहायला आल्या तेव्हा त्यांना इथे कोणी नात्याचं नव्हतं, हीच पहिली खटकणारी गोष्ट. सोनगीरपासून सात किलोमीटर आत असलेल्या या गावातून तरणी माणसं सुरत-नाशिकला जातात. नाशिकहून इकडे येतं कोण? साठी ओलांडलेल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या बाईंनी सुरतला गेलेल्या रुपचंदचं बंद घर भाड्याने घेतलं, एक पलंग, दोन ट्रंका आणल्या आणि राहू लागल्या.

घर आमच्या समोरच. माझी आई भागाबाई त्यांना भाजी नेऊन द्यायची आणि परत येऊन म्हणायची, "बाई चांगली शे, पण झोपतानाबी दाराले कडी लावत नाही."

कडी न लावणाऱ्या बाईचं चुडामणनानांना मोठं कोडं पडलं. नाना म्हणजे गावातल्या प्रत्येक मोटरसायकलचा नंबर ठाऊक असलेला माणूस. त्या वर्षी सोलरवाल्यांचे एजंट जमिनी बघत फिरत होते. अक्का रोज सकाळी ओट्यावर बसून वहीत काहीतरी लिहायच्या.

"हाई बाई आठे काब्र उनी? काहीतरी भानगड शे," नाना मला म्हणाले. खरं सांगतो, त्या इथे का आल्या असतील हा संशय मलाही होता.

एका मंगळवारी अक्का बसने धुळ्याला निघाल्या. नाना आणि मी त्यांच्या घरात शिरलो. वही उशाखालीच होती. पहिल्याच पानावर माझ्या आईचं नाव: 'भागाबाई, सहा वाजता अंगण झाडतात.' खाली, 'चुडामण, साडेसात, गुरं पाण्यावर.' मग माझं नाव, मी गिरणी उघडतो ती वेळ. अशी चार पानं.

"बठ्ठं गाव टिपी ठेयेल शे हिनी," नाना पुटपुटले. मीही पानं पुन्हा उलटली, सगळं गाव खरंच टिपलेलं.

तेवढ्यात दारात अक्का उभ्या. फाट्यावर बस आलीच नव्हती.

आम्हाला वाटलं, आता ओरडतील. त्या पलंगावर बसल्या, वही मागून घेतली आणि म्हणाल्या, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

नाशिकच्या फ्लॅटमध्ये त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. दाराला आतून कडी. मांडीचं हाड मोडलेलं. दीड दिवस हाका मारत पडून राहिल्या. "बाहेर दुधाच्या पिशव्या साठल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्या पायाने बाजूला सारल्या, जिन्यात अडचण होत होती म्हणून. शेवटी भाचीचा फोन उचलला गेला नाही, तेव्हा तिने माणूस पाठवला."

"मग आमचंच गाव काब्र?" नानांचा आवाज अजून संशयीच.

"बरी झाल्यावर सोनगीरचा किल्ला बघायला आले होते. वाट चुकून इथे पोचले. पाचशे पावलांत सहा जणांनी विचारलं, कोणाकडे आलात? आणि वहीत लिहिलंय ते एवढ्यासाठी, की ओरडले तर कोणत्या वेळी कोण जवळ असेल ते ठाऊक असावं."

आई तोवर दारात येऊन उभी होती. तिने हळूच विचारलं, "मंग आते बरं वाटस का, माय?"

"झोप लागते," अक्का म्हणाल्या. "पण उशाखाली हात घातलात, ते सहन होण्यासारखं नाही."

मी मान खाली घातली. नाना मात्र वर बघत होते.

याला दोन वर्षं झाली. नाना रोज त्यांच्या ओट्यासमोर थांबून खाकरतात, आतून "हो" आल्याशिवाय पुढे जात नाहीत. माझ्याजवळ म्हणतात, नजर ठेवलेली बरी. मागच्या दिवाळीत अक्का न सांगता आठ दिवस भाचीकडे गेल्या, तर नानांनी बसच्या ड्रायव्हरपर्यंत चौकशी केली. परतल्यावर विचारलं, "कोठे गयथी, अक्का? सांगीसन जावानं!"

"तुम्हाला का सांगू?" अक्का खरंच चिडल्या. त्या संध्याकाळी आईपाशी बसून म्हणाल्या, धुळ्याला एखादी खोली बघावी, तिथे तरी कोणी विचारणार नाही. आईने चहा ठेवला.

खोली त्यांनी अजून बघितलेली नाही. आणि नानांना अजून वाटतं, बाईने आपल्याला सगळं सांगितलेलं नाही.