कामिनीचा पहिला नंबर

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. चाळीसगावच्या बाजारपेठेतल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात पुष्पाबाई डाव्या डोळ्याला भिंग लावून व्हिडिओ गेमची एक कॅसेट उघडत होत्या. घड्याळं ट्रेमध्ये पडून होती. आखाजीच्या आदल्या दिवशी घड्याळं मागे राहतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. पुरुष पत्ते कुटतात, बायका झोक्यावर गाणी म्हणतात. शाळेत असताना ज्यांच्या हातात छोटा व्हिडिओ गेम होता, त्या लेकी आता चाळिशीकडे आल्या आहेत. माहेरच्या कपाटातून त्या तो गेम काढतात, तो चालत नाही, मग पुष्पाबाईंकडे येतात. गाड्यांची शर्यत, उड्या मारत नाणी गोळा करणं, वरून पडणारे ठोकळे रचणं. बाईंना यातलं एकही खेळता येत नाही. घड्याळाचं काम त्या वडिलांकडून शिकल्या, गेमचं ग्राहकांनी शिकवलं.

समोरच्या स्टुलावर रूपाली होती. ती आणि तिची मोठी बहीण कामिनी दर आखाजीला एकाच गेमवर ठोकळे खेळतात. सगळ्यात मोठा स्कोअर कामिनीचा, तोही लग्नाआधीचा. रूपालीला तो अजून मोडता आलेला नाही. कॅसेटमधल्या एका चपट्या सेलवर तो स्कोअर टिकून होता, आणि सेल आता संपत आला होता.

"अक्का, नवा सेल टाका म्हणजे जुनं बठ्ठं पुसाई जाई ना?" रूपालीने पुष्पाबाईंना विचारलं. बठ्ठं म्हणजे सगळंच.

"घाई करी तर पुसाई जाई."

"मंग करा ना घाई."

"कामिनीले इचारं का?"

"तिले काय इचारनं? दरसाल झोकावर बसीसन तोच नंबर सांगस."

पुष्पाबाईंनी कामिनीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि स्कोअर पुसला तर चालेल का ते विचारलं. कामिनी सुरतेहून निघालेल्या गाडीत होती.

"पुसा अक्का," ती म्हणाली. "ती लहानपणपासून रडीच शे. संध्याकाळी यीसन तिना समोर तोच नंबर परत करसू."

फोन बंद झाला. रूपालीने स्टूल पुढे ओढलं.

"पुसू नका," ती म्हणाली. "आते तो नंबर मीच मोडसू."

पुसायचं असतं तर काम सोपं होतं. न पुसता करायचं तर जुना सेल काढण्याआधी बाहेरून दुसरा जोडावा लागतो, म्हणजे कॅसेटचा वीजपुरवठा क्षणभरही तुटत नाही. बाहेरच्या सेलच्या दोन तारांपैकी एक कॅसेटमधल्या सोल्डरच्या टाक्यावर बसेना. ती चिमट्याने दाबून धरायचं काम बाईंनी रूपालीला दिलं.

"हालनीस तर नंबर गया."

रूपाली हलली नाही. तिच्या मनगटावर माशी बसली आणि आपणहून उडाली. एका गिऱ्हाइकाने आपल्या घड्याळाची चौकशी केली. दोघींपैकी कुणी वर पाहिलं नाही. नवा सेल बसला. बाईंनी कॅसेट गेममध्ये घातली आणि बटण दाबलं. यादीत सर्वात वर कामिनीचं नाव होतं.

"शे," रूपाली म्हणाली, आणि मग तिने चिमटा खाली ठेवला.

निघताना ती दारात थांबली. "अक्का, उद्या झोकाजवळ या. पंच लागी. ती डाव मोजामा लबाडी करस."

"आनि तू?"

"मीबी."

"दुकान बंद करीसन येस," पुष्पाबाई म्हणाल्या.

उद्या आखाजी. पुष्पाबाईंचं दुकान दुपारी बारापर्यंत उघडं आहे.