खांद्यावरची पट्टी

लखनऊच्या आमच्या क्वार्टरमध्ये छताला पहिली भेग पडली, तेव्हा मी आधी चपला घालून समोरच्या घरात डोकावून आले. तिथेही पडली होती. मग माझा जीव भांड्यात पडला.

माझा स्वभाव तेव्हा असा होता, आणि तो लपवण्याचं आता वय राहिलेलं नाही. समोरच्या घरात राहणारी बाई माझ्या डोळ्यांत खुपायची. ती ह्यांच्याच संस्थेत शास्त्रज्ञ होती. दोघं पुण्याला एका वर्गात शिकलेली. तिनं लग्न केलेलं नव्हतं. केस आखूड, बोलणं मोजकं, आणि ह्यांना ती सरळ "अरे" म्हणायची. "अरे, तुझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे का?" मी लग्नाला सहा वर्षं होऊनही "अहो"च्या पुढे गेले नव्हते, कधी जाईन असंही वाटत नव्हतं. तिनं जिन्यातून "अरे" अशी हाक मारली की माझ्या हातातली पोळी हमखास करपायची.

आमची दोन घरं तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यांत वर. मे महिन्यात गच्ची इतकी तापायची की घरात पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. ऐंशीच्या सुमारास, बऱ्याच अर्जांनंतर, ऑफिसनं दोन्ही घरांच्या बैठकीच्या खोलीत स्लॅबखाली लाकडी चौकट ठोकून तिला प्लॅस्टरचे पांढरे तक्ते लावून दिले. छत एकदम गुळगुळीत दिसायला लागलं. मी साताऱ्याला आईला तसं पत्रही लिहिलं. पहिला उन्हाळा गेला आणि दोन तक्ते जिथे मिळत होते तिथे केसासारखी रेघ उमटली. दिवाळीपर्यंत तिच्यात पोस्टकार्डाची कड जाईल एवढी ती रुंदावली, आणि बाकीच्या जोडांवरही रेघा दिसायला लागल्या.

ऑफिसचा मिस्त्री आला, त्यानं भेगेत लांबी भरली, शिडी उचलली आणि जाताना सांगून गेला, "साहब, जोड़ है, खुलेगा ही।" महिनाभरात तो खरा ठरला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. भेग दोन्हीकडे होती, मिस्त्री दोन्हीकडे नालायक होता. पण ह्यांचं संस्थेतलं काम म्हणजे साठवलेल्या बियाण्यातल्या ओलाव्याचा अभ्यास, आणि ओलाव्यानं फुगणारी, आकसणारी कुठलीही वस्तू दिसली की ह्यांना राहवत नसे. कूलर सुरू झाला की तक्ते ओल पितात, बंद झाला की सुकतात, आणि ह्या ओढाताणीत जोड फाटतो, हे त्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं. मग प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्या आणल्या आणि भेगेच्या दोन्ही काठांना चिकटवून आडव्या लावून टाकल्या. भेग हलली की काच तडकणार. आमच्याकडे चार काचा, समोर चार काचा. आलेल्या पाहुण्यांना मी सांगायचे की हे सरकारी काम आहे.

काचा पाहायला हे रविवारी समोर जायला लागले. लखनऊत आमचा रविवार ठरलेला असे. संध्याकाळी मी इस्त्रीची साडी नेसायची, हे स्कूटर काढायचे आणि आम्ही हज़रतगंजला एक फेरी मारायचो. काही घ्यायचं नसायचं. दुकानांपुढच्या व्हरांड्यांतून चालायचं, कोपऱ्यावर आलूची टिक्की खायची आणि परत यायचं. आठवड्यातले तेवढे दोन तास हे माझे असायचे, बाकी दिवस बियाण्यांचे. ते दोन तास समोरच्या घरातली चार काचांची भेग गिळू लागली. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस दिवे लागल्यावर परतायचा, आणि उघड्या दारातून मला दोघांचं हसणं ऐकू यायचं. काचपट्ट्यांत हसण्यासारखं काय असतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

होळीच्या सुमारास ह्यांनी मला विचारलं, घरात जुनं, मऊ, सुती काही आहे का. जोडावर नुसतं प्लॅस्टर टिकत नाही, मध्ये कापड हवं, असं त्यांना लखनऊजवळच्या चिनहटला कळलं होतं. तिथे कपबशा, बरण्या बनवणारे कारागीर प्लॅस्टरचे साचे करतात. स्कूटरवरून जाऊन हे एकाकडून ताज्या प्लॅस्टरची पिशवी आणि हा सल्ला घेऊन आले होते. मला इतका आनंद झाला की मी ट्रंकेतून आईचं लुगडं काढलं. गोधडी शिवायला म्हणून तिनंच दिलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. मी दुपारभर बसून त्याच्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडल्या आणि गुंडाळून ठेवल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त हे रविवारी सकाळी काखोटीला मारून, शिडी घेऊन, समोर गेले.

संध्याकाळी केसांत, भुवयांत पांढरं घेऊन आले. मी विचारलं, आपलं छत कधी?

"आपलं करायचं नाहीये," हे म्हणाले. "तिथलं केलं, इथलं तसंच ठेवायचं. नाहीतर तुलना कशाशी करणार? आपलं घर कंट्रोल आहे."

कंट्रोल म्हणजे काय ते त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. प्रयोगात दोन गट असतात, एकावर उपचार करायचा आणि दुसऱ्याला हातही लावायचा नाही. शांतपणे, पाय धुता धुता सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईचं लुगडं तिच्या डोक्यावर, आणि मी हात न लावण्याच्या गटात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे नवरे मी पुष्कळ पाहिले होते. घरची चूल मुद्दाम विझलेली ठेवणारा हा एकच. त्या रात्री आमटीत मीठ घातलं नाही, तेवढंच. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मंगळवारी हे संस्थेत गेल्यावर मी खाली जाऊन माळ्याकडून शिडी मागून आणली. काचा काढून टाकल्या. सांडशीच्या टोकानं भेग खरवडली, उरलेलं प्लॅस्टर परातीत थोडं थोडं कालवलं आणि भरलं. पट्ट्या लावायची वेळ आली तेव्हा मी त्या बादलीत भिजवून, पिळून घेतल्या. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण कुरडयांचा चीक कोरड्या फडक्यावर घातला तर फडकं पाणी पिऊन टाकतं आणि कुरडई चिकटून बसते, हे आमच्या गावची दहा वर्षांची पोरगीही सांगेल. प्लॅस्टर शेवटी चीकच. दुपारी चारपर्यंत माझी मान आखडली होती, पण छत एकसंध झालं होतं.

हे घरी आले, वर पाहिलं आणि खाली बसले. प्रयोग नासला म्हणून तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काहीच वाटलं नाही. निदान तीन दिवस त्यांच्या डोक्यात मी होते.

मग एप्रिल आला, कूलर सुरू झाले, उन्हाची लू आली, पाऊस आला, गेला. दसऱ्याच्या सुमारास समोरच्या घरातले जोड एकेक करून उघडले. ह्यांनी पट्ट्या कोरड्या लावल्या होत्या. कापड प्लॅस्टरमधलं पाणी पिऊन बसलं आणि पापडासारखं सुटलं. आमच्या छतावर रेघ नव्हती. मी त्या आठवड्यात हळदीकुंकवाचं निमित्त काढून कॉलनीतल्या ओळखीच्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि सगळ्यांना वर बघायला लावलं.

ती आली ती त्यानंतर. दारातच उभी राहून, ह्यांच्याकडे न बघता, मला म्हणाली की तुम्ही माझ्या घराचं करून द्याल का. मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर हेच गेले असते.

रविवार टाळून मी शनिवारी गेले. घर तिचं नीटनेटकं होतं, भिंतीला पुस्तकं, खिडकीपाशी बसायला वेताचा एक मोढा. ती खाली बादलीत पट्ट्या भिजवून, पिळून वर देत होती, मी लावत होते. ह्या खेपेला पट्ट्या तिच्या जुन्या साडीच्या होत्या. काही कोरड्या मी माझ्या खांद्यावर टाकल्या होत्या. पाचपैकी चार जोड झाले. पाचवा खिडकीपाशी, बरोबर त्या मोढ्याच्या वर. हा मोढा कुणाचा ते मला विचारावं लागलं नाही. त्याच्या बाजूला जमिनीवर आमच्या घरातली, ह्यांची ॲश-ट्रे होती, मी दोन महिने शोधत होते ती.

तिनं पिळलेली पट्टी वर धरली. मी ती घेतली नाही. खांद्यावरची कोरडी ओढली, प्लॅस्टरवर दाबली आणि वरून हात फिरवून गुळगुळीत केली. दिसायला पाचही जोड सारखेच. खाली उतरले तेव्हा तिनं मला चहा दिला आणि माझ्या हाताची तारीफ केली. मी आनंदानं चहा प्याले.

माझं गणित असं होतं की तिच्या घरात काहीतरी फाटकं राहावं. एवढंच. गणितातली चूक मला पुढच्या उन्हाळ्यात कळली. तो एक जोड उघडला, आणि हे वेडे झाले. त्याच खोलीत, त्याच हातानं, त्याच दिवशी लावलेले चार जोड शाबूत आणि एकच फाटतो, म्हणजे काहीतरी शास्त्रीय कारण असणार. खिडकी? ऊन? कूलरचा झोत? पुन्हा काचपट्ट्या गेल्या. पुन्हा रविवार गेला. आता तर हे दुपारची झोप सोडून जायचे, मोढ्यावर बसायचे आणि मान वर करून त्या भेगेकडे पाहायचे. मला येऊन विचारायचे, तू लावताना काही वेगळं झालं होतं का, आठव. मी म्हणायचे, नाही बाई, सगळं सारखंच. खोटं बोलून मी माझा नवरा दर रविवारी तिच्या घरी पोचवत होते.

पावसाळा सरला तशी एका सकाळी मी गच्चीवर गाद्या वाळत घालत होते. ती कपडे घेऊन वर आली. दोघींमध्ये एक दोरी. तिनं एक चादर झटकली, टाकली, आणि तिच्या पलीकडूनच बोलली.

"मी पाहिलं होतं. शेवटची पट्टी तुम्ही खांद्यावरची घेतलीत."

मी गादीवरची सुरकुती काढत राहिले.

"त्याला मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हीही सांगू नका. शोधू दे कारण. रविवारी कुणीतरी कडी वाजवतं, तेवढंच."

एवढं बोलून ती चिमटे लावू लागली. मला तिची दया यायला हवी होती. चार भिंतींतली एकटी बाई, आठवड्यातून एकदा कडी वाजावी म्हणून फाटकं छत जपते, हे ऐकून कुणाही बाईचा जीव कळवळला असता. माझा नाही कळवळला. मला इतकंच ऐकू आलं की माझी चोरी तिला ठाऊक आहे आणि माझ्याच चोरीवर ती माझे रविवार घेते आहे. आणि ती पुन्हा "त्याला" म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात शिडी घेऊन उभी राहिले. तिला संस्थेत जायची घाई होती. मी म्हटलं, जा तुम्ही, किल्ली मी खाली माळ्याकडे देईन. तिनं माझ्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. बादलीत पाणी होतं. ती नको म्हणू शकली असती. किल्ली माझ्या हातात ठेवून ती जिना उतरून गेली.

मी भेग खरवडली, भरली. पट्टी भिजवली, पिळली, लावली. माझ्या आयुष्यात मी इतकं चोख काम दुसरं केलेलं नाही. हे घरी आल्यावर त्यांना सांगून टाकलं की त्या वेळी पट्टी कोरडी राहिली होती, माझी चूक, आता दुरुस्त केली. ते हिरमुसले. एवढंच कारण होतं, असं दोनदा म्हणाले.

पुढच्या रविवारी हे घरीच होते. जेवले, झोपले, उठून आमच्या छताकडे पाहत बसले. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. पाच वाजता स्वतःच म्हणाले, गंजला जायचं का. मी इस्त्रीची साडी नेसले. आम्ही कडी घालून कुलूप लावत होतो तेव्हा समोरचं दार उघडलं. आमच्या कडीचा आवाज तिला आपल्याच दारावरचा वाटला असावा, कारण तिनं केस विंचरलेले होते आणि आत स्टोव्हवर चहाचं आधण उकळत होतं.

"गंज?" तिनं विचारलं.

हे माझ्याकडे बघू लागले. चलता का, एवढंच मी तिला म्हणायचं होतं. रिक्षानं तिघं गेलो असतो. मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं, हो म्हणाले आणि ह्यांच्या पुढे जिना उतरायला लागले.